पुलाखालच्या एका बाटलीवर ओढा तोलू नका

*"आम्ही अकरावीतले पाच जण मिळून प्रकल्प करतोय. विषय आहे 'मानवी हस्तक्षेपाचा ओढ्यावर होणारा परिणाम'. आमचा ओढा टेकडीवरून उतरतो, शेतांमधून वस्तीपाशी येतो, तिथे वस्तीचा नाला त्याला मिळतो आणि पुढे तो पुलाखालून जातो. पुलापाशी खाली उतरायला पायऱ्या आहेत, म्हणून पाण्याचे नमुने तिथलेच घ्यायचं ठरवलंय. सामू, नायट्रेट, फॉस्फेट, क्लोराइड अशा १४ चाचण्यांची यादी तयार आहे. हाताशी १० आठवडे आहेत. मॅडम म्हणतात आराखडा कच्चा आहे, पण कुठे कच्चा आहे ते सांगत नाहीत. पुढच्या वर्षी नाला दुसरीकडे वळवणार असंही कानावर आलंय. आम्ही कोणतं किट घ्यावं?" – ओढ्याकाठचे पाच*

ओढ्याकाठच्या पाचांनो,

किटचं शेवटी बघू. तुमच्या मॅडमनी उत्तर हातात न देता तुम्हाला चाचपडू दिलं, हे मला फार आवडलं. आता मीच ते सांगून टाकणार आहे, तेव्हा माझ्या वतीनं त्यांची माफी मागा.

समजा, तुम्ही पुलाखाली बाटली भरली आणि नायट्रेट लिटरला ६ मिलिग्रॅम निघालं. मग पुढे काय? हे जास्त म्हणायचं की कमी, आणि कशाच्या मानानं? ते शेतातल्या खतातून आलं, नाल्यातून आलं की टेकडीवरूनच येत होतं? बाटली यातलं काहीच सांगत नाही. तुमच्याकडे १४ आकडे जमतील, पण एकाही आकड्याला शेजारी नसेल. 'परिणाम' म्हटलं की तुलना आलीच: माणसाचा हात लागला नसता तर हा ओढा कसा असता? तसा ओढा तुम्हाला कुठेच बघायला मिळणार नाही. त्याच्या जागी ठेवायला, जमेल तितकं त्याच्या जवळ जाणारं काहीतरी शोधायचं, हेच अशा अभ्यासातलं खरं काम. चाचण्या त्यामानानं सोप्या.

तेव्हा आधी विषय आखडा. शेती, वस्ती, पूल, कचरा असं सगळं एका प्रकल्पात कोंबलं तर कशाचाच नीट थांग लागत नाही. तुमच्या ओढ्यात एक आयती जागा आहे, जिथे नाला येऊन मिळतो ती. शेतांचा जो काही परिणाम व्हायचा तो वरच होऊन गेलेला असतो आणि नाल्याच्या वर नि खाली, दोन्हीकडे पोहोचतो. मधल्या पट्ट्यात नवीन भर पडते ती मुख्यतः नाल्याची. मग प्रश्न असा लिहा: नाला मिळाल्यावर ओढ्याच्या तळाशी राहणाऱ्या जीवांमध्ये काय फरक पडतो? मूळ शीर्षक सोडायला मन तयार नसेल तर ते मुखपृष्ठावर राहू द्या, आत मात्र हा प्रश्न हवा. आणि पहिल्या फेरीआधीच वहीत लिहून ठेवा, तुमचा अंदाज काय आहे आणि काय दिसलं तर तो अंदाज चुकला असं तुम्ही मान्य कराल. हे नंतर लिहिता येत नाही. आकडे समोर आले की प्रत्येकाला आपण आधीपासून तेच म्हणत होतो असं वाटायला लागतं.

आता जागा. चार घ्या: क आणि ख नाल्याच्या वर, ग आणि घ नाल्याच्या खाली. वर दोन कशाला, एक पुरे की, असं वाटेल. पण ओढ्यातल्या कुठल्याही दोन जागा हुबेहूब सारख्या नसतात. मध्ये नाला नसतानाही क आणि ख यांच्यात काही ना काही फरक निघणारच. तो फरक किती, हे कळल्याशिवाय ख आणि ग यांच्यातला फरक मोठा की किरकोळ हे ठरवता येणार नाही. क-ख मधला फरक ही तुमची फुटपट्टी. ती नसेल तर जो फरक दिसेल त्याला तुम्ही नाल्याचं नाव देऊन मोकळे व्हाल.

चारही जागा एका जातीच्या हव्यात. ओढ्यात खळाळ असतात आणि डोह असतात. खळाळात पाणी गोट्यांवरून उड्या मारत जातं, हवा मिसळते, तळ स्वच्छ राहतो. डोहात पाणी संथ असतं, गाळ बसतो, पानं कुजतात. वर खळाळ आणि खाली डोह घेतलात तर ओढा स्फटिकासारखा असला तरी जीव वेगळे सापडतील. म्हणून चारही ठिकाणी खळाळच घ्या, गोटे साधारण एका आकाराचे, खोली सारखी. सावलीकडेही लक्ष द्या. वर झाडी आणि खाली उघडं ऊन असेल, तर शेवाळ उन्हामुळे वाढलं की नाल्यामुळे, हे तुम्हाला जन्मात कळणार नाही. यासाठी अख्खा एक दिवस नुसतं काठानं चाला. काही मोजू नका. पायऱ्या कुठे आहेत ते बघून जागा निवडू नका, कारण पूल हीसुद्धा माणसाचीच करणी आहे. त्याची सावली आणि त्याचे खांब पाण्याचा स्वभाव बदलतात.

ग ही जागा नाल्याच्या तोंडाशी घेऊ नका. नाल्याचं पाणी ओढ्यात शिरल्याबरोबर मिसळत नाही. बरंच अंतर ते आपल्या काठाला चिकटून वाहतं. मिसळलंय की नाही हे कंडक्टिव्हिटी मीटरनं दोन मिनिटांत कळतं. हे मीटर पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतं. डाव्या काठाला, मध्ये आणि उजव्या काठाला ते बुडवा. तिन्ही आकडे जुळायला लागले की तिथून खाली ग चालेल. घ आणखी बराच खाली घ्या, म्हणजे ओढा स्वतःला सावरतो का तेही दिसेल. मात्र ग आणि घ यांच्यामध्ये दुसरं काही येऊन मिळत नाही ना, हे काठ चालूनच बघा. नकाशात नसलेले पाइप काठावर दिसतात.

या मीटरची आणखी एक गंमत आहे. समजा, नाल्याच्या वर आकडा २०० मायक्रोसीमेन्स (हे या मीटरचं एकक) आहे, नाल्यात १००० आणि पूर्ण मिसळल्यावर ३६०. ओढा १६० नं चढला. नाला आणि ओढा यांच्यातलं अंतर ८००. १६० भागिले ८०० म्हणजे ०.२. ग पाशी वाहणाऱ्या पाण्याचा पाचवा हिस्सा नाल्याचा! इतक्या साध्या भागाकारानं एवढं कळतं, याचं मला अजूनही नवल वाटतं.

बाटली हे पाण्याचं त्या क्षणाचं छायाचित्र. नाल्याला सकाळी आंघोळ-धुण्याचं पाणी येत असेल आणि तुम्ही दुपारी गेलात, तर बाटली निर्दोष निघेल. तळाचे किडे मात्र तिथे आठवडे, महिने राहतात. परवा रात्री काय वाहून गेलं ते त्यांच्या अंगावरून गेलेलं असतं. सांडपाण्याचं प्रमाण जीवांवरून ओळखायची ही रीत जुनी आहे. जर्मनीत कोल्कविट्झ आणि मार्सन या दोघांनी १९०८ आणि १९०९ मध्ये अशा जीवांच्या पद्धतशीर याद्या केल्या. अमेरिकेत रूथ पॅट्रिक यांनी १९४८ मध्ये पेन्सिल्व्हेनियातल्या कोनेस्टोगा नदीच्या खोऱ्यात बरीच ठिकाणं तपासली. एखाद-दुसरा जीव धरून न बसता तिथे किती प्रकारचे जीव एकत्र नांदतात ते बघायचं, असा त्यांचा आग्रह होता.

तुम्हाला करायचं ते एवढंच. खळाळातला तळहाताएवढा गोटा अलगद उचला, उचलताना खालच्या अंगाला जाळी धरा, आणि गोटा पांढऱ्या ट्रेमध्ये पाण्यात उलटा करा. पहिलं अर्धं मिनिट काहीच दिसत नाही. मग दगडाचाच एक कपचा सरकल्यासारखा वाटतो. ते मेफ्लाय नावाच्या किड्याचं पिल्लू: चपटं, बहुधा तीन शेपट्यांचं, आणि पोटाच्या दोन्ही कडांना कल्ल्यांची पानं थरथरतायत. वाळूच्या कणांची एक बारीक नळी चालायला लागली तर आत कॅडिसफ्लायची अळी आहे. स्वतःच्या रेशमानं कण चिकटवून तिनं ते घर केलंय. या दोघांना भरपूर ऑक्सिजन लागतो, त्यामुळे पाणी बिघडलं की बहुतेकदा हेच आधी दिसेनासे होतात. आणि गोट्याखालच्या चिखलात लालभडक, वळवळणाऱ्या अळ्या दिसल्या तर त्या कायरोनोमिड नावाच्या न चावणाऱ्या चिलटांच्या. त्यांचा लाल रंग हिमोग्लोबिनचा, तुमच्या-आमच्या रक्तात असतं त्याच जातीच्या द्रव्याचा. म्हणून कमी ऑक्सिजनमध्येही त्यांचं भागतं. एखादी लाल अळी दिसली म्हणून घाबरू नका, त्या स्वच्छ पाण्यातही असतात. बाकी सगळे गेले आणि त्याच उरल्या, तर मात्र काहीतरी घडलंय.

ब्रिटनमध्ये १९७० च्या दशकाच्या अखेरीस यावरून गुणांची एक पद्धत तयार झाली. त्यात जीवांच्या प्रत्येक कुळाला, म्हणजे जवळच्या जातींच्या गटाला, १ ते १० गुण. गाळातल्या कृमींना १, मेफ्लायच्या काही कुळांना १०. ते गुण जसेच्या तसे उचलू नका. प्रदेश बदलला की किडे बदलतात. स्टोनफ्लाय या किड्याचंच बघा. थंड प्रदेशात तो स्वच्छ पाण्याचा मानकरी, पण उष्ण प्रदेशात त्याच्या जाती मुळातच कमी. क पाशीही तो नसेल तर ग पाशी नाही याला काही अर्थ नाही. तुम्ही कुळांच्या फंदात न पडता गट करा: मेफ्लाय, कॅडिसफ्लाय, चतुर आणि टाचण्या (चतुरासारखेच, पण बारीक अंगाचे किडे) यांची पिल्लं, लाल अळ्या, कृमी, जळवा, गोगलगायी. ओळखू आला नाही त्याचा फोटो काढून 'अनोळखी १' असं लिहा. ओढून-ताणून नाव देऊ नका.

दर फेरीला प्रत्येक जागी १० गोटे. कोणते, ते तुम्ही ठरवायचं नाही. माणसाचा हात आपोआप 'चांगल्या' गोट्याकडे जातो आणि खालच्या जागी आपोआप घाणेरड्या गोट्याकडे. काठाला १० मीटरची टेप लावा, चिठ्ठ्यांवर आकडे लिहा, जो आकडा निघेल तिथला गोटा. मोजून झालं की किडे आणि गोटा जिथले तिथे, गोट्याची जी बाजू खाली होती तीच खाली. पहिला आठवडा सरावाचा, त्यातले आकडे धरू नका. मग दर पंधरवड्याला एक अशा ४ फेऱ्या. चार जागा, दहा गोटे, चार फेऱ्या: १६० गोटे. शेवटचे दोन आठवडे लिहायला लागतातच, कोणी काही म्हणो. मधे जोराचा पाऊस झाला तर फेरी काही दिवस पुढे ढकला आणि तसं लिहून ठेवा. लोंढा किडेसुद्धा वाहून नेतो.

वेळेबद्दल माझी स्वतःची फजिती सांगते. कॉलेजात आमच्याही गटानं एका ओढ्याचा अभ्यास केला होता. सकाळी सातला वरच्या जागी विरघळलेला ऑक्सिजन मोजला, मग डबे खाल्ले, गप्पा झाल्या, आणि सांडपाण्याच्या खालची जागा गाठेपर्यंत तीन वाजले. तिथे ऑक्सिजन वरच्यापेक्षा चांगलाच जास्त निघाला. आम्ही निष्ठेनं आलेख काढला आणि सांडपाण्यानं ओढ्यातला ऑक्सिजन वाढतो असा निष्कर्षही लिहिला. परीक्षकांनी एवढंच विचारलं, "घड्याळ होतं का तुमच्याकडे?"

झालं होतं असं की सांडपाण्याच्या खतावर शेवाळ माजलं होतं. दिवसा उन्हात ते ऑक्सिजन सोडतं, त्यामुळे दुपारी पाणी ऑक्सिजननं तुडुंब भरतं. रात्री शेवाळासकट सगळेच श्वास घेतात, भर कोणीच घालत नाही, आणि सूर्योदयाच्या सुमारास तळ गाठला जातो. बिघडलेली जागा दुपारी तीनला सर्वांत उत्तम आणि पहाटे सर्वांत वाईट दिसू शकते. त्यात तापमानाचीही भानगड आहे: २० अंशाला लिटरभर पाण्यात साधारण ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशाला साडेसातच्या आसपास. म्हणून चारही जागा एकाच सुमाराला मोजायच्या, आणि शक्य असेल तर एकदा तरी, कोणी मोठं माणूस बरोबर घेऊन, अगदी उजाडताना.

इथे एक पेच येतो. पाण्यात उतरलं की गाळ उठतो आणि खाली वाहतो, म्हणून काम नेहमी खालून वर करत जायचं. पण पाच जण एकत्र खालून वर गेलात तर घ रोज सकाळी आणि क रोज दुपारी होईल, म्हणजे माझीच चूक उलटी. तेव्हा दोन तुकड्या करा, एक दोघांची, एक तिघांची. एक नाल्याच्या वर, एक खाली, दोन्हींची सुरुवात एकाच वेळी. फक्त वरची तुकडी पाण्यात उतरण्याआधी खालच्या तुकडीनं मीटरचे आकडे घेऊन ठेवायचे. पुढच्या फेरीला तुकड्यांची अदलाबदल. नाहीतर तुमच्यातला ज्याची नजर तीक्ष्ण तो कायम वर असेल आणि त्याच्या नजरेचे किडे तुम्ही ओढ्याच्या नावावर जमा कराल. निघण्याआधी दोन्ही तुकड्यांची मीटरं एकाच बादलीत बुडवून बघा. बादलीतच आकडे जुळले नाहीत तर ओढ्यात काय जुळणार?

पाण्याचा वेगही मोजा, त्याला खर्च नाही. १० मीटर अंतर आखा, अर्धवट बुडून तरंगणारं एखादं फळ सोडा, सेकंद मोजा. पृष्ठावरचं पाणी तळापेक्षा वेगानं जातं म्हणून आलेल्या वेगाला ०.८५ नं गुणा, मग रुंदी आणि सरासरी खोलीनं. दर सेकंदाला किती पाणी वाहतं ते मिळेल. ओढा आटत जाईल तसं नाल्याचं तेवढंच पाणी जास्त भारी पडायला लागतं. चार फेऱ्यांत हे बदलताना दिसलं तर तो तुमच्या अहवालातला सर्वांत चांगला आलेख ठरेल.

आकडेमोडीत सरासऱ्यांचे खांब काढून थांबू नका. प्रत्येक गोट्याचा एक ठिपका काढा आणि ठिपक्यांचे चार पुंजके शेजारी शेजारी ठेवून बघा. स्टुअर्ट हर्लबर्ट या संशोधकांनी १९८४ मध्ये दाखवून दिलं की भल्याभल्यांचे प्रयोग एका जागी फसतात: एकाच ठिकाणचे दहा नमुने ते दहा स्वतंत्र पुरावे समजून मोजतात. तुमचे ग पाशीचे १० गोटे ग बद्दल बोलतात, जगातल्या तमाम नाल्यांबद्दल नाही. नाला एकच आहे. म्हणून 'या नाल्याखाली असं दिसलं' एवढंच लिहा, त्यात कमीपणा काही नाही. दुसऱ्या ओढ्यावर दुसरा गट हेच करायला तयार झाला तर मात्र जरूर हात मिळवा. आणि फरक निघालाच नाही तर तेही तितक्याच ठळकपणे लिहा. नाल्याला दोषी ठरवायची जबाबदारी तुमच्यावर कोणी टाकलेली नाही. तो नाला वस्तीतल्या घरांचा आहे, कदाचित तुमच्यातल्या कोणाच्या घराचाही. काठावरच्या शेतकऱ्यांशी आणि वस्तीतल्या जुन्या माणसांशी बोला, पाणी कधीपासून बदललं ते विचारा, पण ते 'लोक सांगतात' म्हणून वेगळं लिहा. मोजलेल्या आकड्यांत मिसळू नका.

सुरक्षेबद्दल वाद घालायचा नाही. गुडघ्याच्या वर पाणी असेल तिथे उतरायचं नाही. पाणी अचानक गढूळ झालं किंवा चढायला लागलं तर सामान सोडून बाहेर. एकट्यानं कोणी जायचं नाही, अनवाणी उतरायचं नाही. हातापायाला जखम असेल त्यानं वही सांभाळायची. उंदरांच्या मुतानं दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो आणि जंतू जखमेतून शिरतात. साबणानं हात धुतल्याशिवाय डब्याला हात नाही.

नाला वळवणार असल्याचं तुम्ही पत्राच्या शेवटी जाता जाता लिहिलंत, पण मला तीच सर्वांत मोलाची गोष्ट वाटते. तसं झालं तर तुमचे १० आठवडे हे 'आधीचे' आकडे होतील, आणि ते नंतर कितीही पैसे ओतले तरी मिळत नाहीत. 'नंतरचे' आकडे बहुधा पुढची बॅच घेईल. म्हणून वही त्यांच्यासाठी लिहा: प्रत्येक जागा कशी शोधायची, कोणत्या झाडापासून किती पावलं, फोटो कुठे उभं राहून काढला, जाळीची भोकं केवढी होती. क आणि ख मोजणं त्यांनीही सोडू नये असं मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. एखाद्या वर्षी पाऊस चांगला झाला तर सगळा ओढाच सुधारतो. ग सुधारला आणि वरच्या जागाही तेवढ्याच सुधारल्या असतील, तर श्रेय नाला वळवण्याला देता येणार नाही.

आता किट. तापमापक, कंडक्टिव्हिटी मीटर, विरघळलेल्या ऑक्सिजनची चाचणी आणि गढूळपणा बघायची पारदर्शक नळी, एवढं पुरे. बाकी जाळी, पांढरा ट्रे, टेप, घड्याळ. फॉस्फेटच्या कागदी पट्ट्यांवर खर्च करू नका. शेवाळ माजायला लिटरला मिलिग्रॅमचा दहावा-विसावा भाग फॉस्फरससुद्धा पुरतो आणि साध्या पट्टीला तो दिसत नाही. तुम्ही 'शून्य' लिहाल आणि समोर ओढा हिरवागार असेल. सामू हवाच असेल तर घ्या, पण तोही शेवाळामुळे दुपारी चढतो हे लक्षात ठेवून. राहिलेल्या चाचण्यांचे पैसे वाचवा आणि त्यातून दुसरं कंडक्टिव्हिटी मीटर घ्या, तुकड्या दोन आहेत.